भट्टीला तराई

भट्टीच्या तोंडावर ओली पोती अंथरलेली पाहिली आणि माझ्या तोंडून जे निघालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गजानन मिस्त्री बाजूलाच उभा होता. हातात पाण्याचा पाइप आणि चेहऱ्यावर पोरीचं लग्न पार पाडल्याचं समाधान.

"या मॅडम. तुमी काई फिकर करू नका. काल संध्याकाळी एक डाव तराई मारली, अन् आता उन्हाच्या आधी एक डाव. एक तडा जाऊ देल्ला नाही म्या."

"तुमाले कोनं सांगतलं पानी माराले?" रागात माझी भाषा आपोआप घरी जाते.

"तुमीच त सांगतलं! सकाळपर्यंत क्युरिंग होऊ द्या म्हने."

मी पावडरच्या रिकाम्या गोण्यांवर बसले. सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत सांगितलं होतं.

मी रिफ्रॅक्टरी बनवणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. रिफ्रॅक्टरी म्हणजे भट्टीच्या आतलं अस्तर. पोलाद वितळतं त्या उष्णतेत भट्टी स्वतःच वितळू नये म्हणून आतून जे लावतात ते. कंपनी झारखंडात, आणि मी मोताळ्याची. लग्न केलं नाही, त्याची कारणं या लेखात बसणार नाहीत. नोकरीला लागले तेव्हा आईला सांगून गेले होते की चार-पाच वर्षं काढते आणि मग इकडेच काहीतरी बघते. आई वाट बघता बघता गेली. आता माझेच केस पांढरे व्हायला लागलेत, आणि अजूनही मी 'इकडे' म्हणते तेव्हा मला मोताळाच म्हणायचं असतं.

ही फाउंड्री मोताळ्याहून मलकापूरकडे जाताना लागते. तिथे क्रशरचे जबडे ओततात. आपल्या भागात काळा दगड काही कमी नाही, आणि तो फोडणारे क्रशरही जागोजाग आहेत. त्यांचे जबडे मँगनीज स्टीलचे असतात. दगड चावून चावून तेही झिजतात, मग नवे लागतात. धंदा चांगला. अडचण भट्टीची होती.

भट्टी इंडक्शनची. म्हणजे तांब्याच्या पोकळ नळीची गुंडाळी, तिला कॉइल म्हणतात. तिच्यातून करंट जातो, आणि ती स्वतः तापू नये म्हणून तिच्या पोकळीतून पाणी फिरत असतं. कॉइलच्या आत अस्तर आणि अस्तराच्या आत उकळतं पोलाद. थोडक्यात, वितळलेलं पोलाद आणि पाणी यांच्यामध्ये चार-पाच बोटं जाडीचं अस्तर तेवढं असतं. ते फाटलं आणि दोघांची भेट झाली की स्फोट होतो. मी असा एक स्फोट झालेला शेड पाहिला आहे. छपराचे पत्रे शोधायला लोक शेजारच्या शेतात गेले होते.

इथे सिलिकाचं अस्तर वापरायचे. सिलिका म्हणजे वाळूचीच जात, स्वस्त आणि सवयीची. पण मँगनीज सिलिकाला खातं. त्यामुळे सारखं अस्तर उकरा, सारखं भरा, भट्टी बंद. फाउंड्रीचे मालक, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, या प्रकाराला विटले होते. मी त्यांना स्पिनेलचं अस्तर सुचवलं. मँगनीजपुढे ते सिलिकापेक्षा कितीतरी चांगलं टिकतं. ते म्हणाले, एकदा भरून दाखवा.

आणि आमचे साहेब फोनवर म्हणाले, "रेखाजी, ये ट्रायल निकाल दीजिए. अकाउंट मिला तो उधर एक छोटा डेपो खोलेंगे. आप ही बैठिए वहाँ."

आप ही बैठिए वहाँ. मी ते वाक्य त्या दिवशी ऑफिसातून क्वार्टरपर्यंत चालताना मनात किती वेळा म्हटलं असेल! डेपो म्हणजे पावडरच्या गोण्यांचं एक गोडाऊन, एक टेबल, एक पंखा. पण मोताळ्याहून रोज डबा घेऊन जाण्याच्या अंतरावर. एवढंच मला आयुष्यात हवं होतं, आणि ते मागायचा मला कधी धीर झाला नव्हता.

आप्पांना सांगितलं, ती मात्र घाई झाली. आप्पा म्हणजे माझे वडील. तहसीलमधून कारकून म्हणून रिटायर झाले, घरी एकटेच असतात. मी ट्रायलसाठी आले तोवर त्यांनी मागची खोली रिकामी केली होती, खिडकीला मच्छरदाणीची जाळी ठोकून घेतली होती, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी टेम्पोत घालून एक लाकडी टेबल आणलं होतं. सागवानी आहे म्हणे. मी वाकून पाहिलं, बाभळीचं होतं.

"हापिसचं काम घरी आनाव लागते न तुले," आप्पा म्हणाले. "मंग बसशीन कुठी?"

"आप्पा, अजून काही पक्कं नाही."

"हाव, नाही. म्या कुठी म्हनलं पक्कं हाय?" असं म्हणत त्यांनी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. टेबल डुगडुगत होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी फाउंड्रीतून उजेडीच निघाले ती या आप्पांपायी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा करून ठेवतो म्हणाले होते. भट्टी भरून झाली होती. शेवटी वरची कॅप ओतली. कॅप म्हणजे अस्तराच्या डोक्यावरचं झाकण. अस्तराची पावडर कोरडीच भरतात, पण कॅपचा माल सिमेंटसारखा थोडं मोजून पाणी घालून कालवतात. तो रात्रभर नुसता राहू द्यायचा, म्हणजे घट्ट होतो. आमच्या धंद्यात याला क्युरिंग म्हणतात. मी मिस्त्रीला म्हटलं, "सकाळपर्यंत क्युरिंग होऊ द्या," आणि मोताळ्याची वाट धरली.

गजानन मिस्त्री उंद्रीचा. भट्टीवर यायच्या आधी त्याने निम्म्या चिखली तालुक्यात घरं बांधली, असं तो स्वतः सांगतो. घर बांधणाऱ्या माणसाला क्युरिंगचा एकच अर्थ ठाऊक असतो, तो म्हणजे तराई. ओतलेल्या स्लॅबवर ओली पोती टाकायची आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. एप्रिलच्या आपल्या उन्हात तराई चुकली तर स्लॅबला भेगा पडतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मिस्त्रीने मनापासून माझं काम सांभाळलं होतं.

फक्त ते काम स्पिनेलचं होतं, आणि त्यात मॅग्नेशिया असतो. मॅग्नेशियाला पाणी चालत नाही. पानवाल्याकडचा कळीचा चुना पाण्यात टाकला की कसा फुलतो, तडकतो, भुगा होतो? हा त्याच्याच घरातला. फुलतो सावकाश, पण फुलतो.

"मिस्त्री, पोते काढा," मी म्हटलं. "पाइप बंद करा. अन् छिन्नी आना."

"कायले?"

"कॅप फोडाची हाय."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "बाप्पा! इतकी मस्त बसली न मॅडम. हात त लावून पाहा."

मी हात लावला. खरंच मस्त बसली होती. फोडली.

कॅपच्या कडेने पाणी खाली उतरलं होतं. आतमध्ये, कॉइल आणि मधला पत्र्याचा डबा यांच्या फटीत, आम्ही थर थर करून कोरडी पावडर ठासली होती. त्या डब्याला फॉर्मर म्हणतात. तो अस्तराचा साचा असतो आणि पहिल्याच चार्जबरोबर, म्हणजे भट्टीत टाकलेल्या पहिल्या धातूबरोबर, वितळून जातो. मी हात घालून मूठभर पावडर काढली आणि दाबली. कोरडी पावडर मुठीतून रव्यासारखी निसटते. हिचा लाडू झाला.

तेवढ्यात भाऊसाहेब आले. त्यांना कोणीतरी फोन केलाच असणार.

"काय झालं मॅडम? आज भट्टी लागनार होती न?"

मी सांगितलं. त्यांनी मिस्त्रीकडे असं पाहिलं की मिस्त्री पाइप गुंडाळायला लागला.

"बरं, झालं ते झालं," भाऊसाहेब म्हणाले. "गॅसचा बर्नर लावा, सुकवून टाका. क्रशरवाले माह्या डोक्यावर बसून राह्यले. जबड्याबिगर त्यायचे क्रशर बंद हायेत."

"सुकवून चालणार नाही, भाऊसाहेब."

"काऊन? पानीच हाय न, तेल थोडीच हाय?"

"मॅग्नेशिया पाणी पिऊन फुगला की त्याने ठासलेला थर आतून उचलला. नंतर तापवलं की पाणी उडून जाणार आणि तिथे पोकळी राहणार. त्या पोकळीतून पोलाद सरळ कॉइलवर."

"पन थोडंसंच पानी गेलं असन."

"किती गेलं ते उकरल्याशिवाय कळणार नाही. वरच्यावर असेल तर माझ्याकडे जास्तीच्या गोण्या आहेत. तळापर्यंत गेलं असेल तर नवा माल झारखंडातून येईल."

"तवापर्यंत मी सिलिका भरून घेईन," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "अन् मंग राहू द्या तुमचं ते स्पिनेल. माह्या धंद्याचा सवाल हाय, मॅडम, राग मानू नका."

राग कसला मानणार? त्यांच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं. मला फक्त बाभळीचं टेबल दिसत होतं.

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, पार्टीला नाही म्हणू नका, हळूहळू गरम करा, निघून जाईल, मी असं होताना पाहिलंय. म्हणाले, "डेपो चाहिए ना आपको?"

हे त्यांनी म्हणायला नको होतं. मी म्हटलं, "सर, भट्टीजवळ उभी मी राहणार आहे आणि माझ्या बाजूला हे मिस्त्री. तुम्ही नाही." आणि फोन ठेवला.

मग आम्ही उकरायला बसलो. भट्टीच्या कडेला पालथं पडून, फटीत हात घालून, लांब दांड्याच्या पळीने पावडर काढायची, मूठ वळायची, पाहायचं. लाडू झाला की ओतून द्यायचं आणि अजून खाली जायचं. मी एका बाजूने, मिस्त्री दुसऱ्या बाजूने. तो तोंड फुगवून काम करत होता. मीही काही गोड बोलत नव्हते.

बऱ्याच वेळाने तो पलीकडून म्हणाला, "मॅडम, एक विचारू? तुमी त इकडच्याच. मोताळ्याच्या. मंग तराई मारू नका, असं एका शब्दात काऊन नाही सांगतलं?"

त्या क्षणी मला आमच्या घराचा स्लॅब दिसला. मी शाळेत होते तेव्हा तो पडला. त्याची तराई माझ्याकडे होती. शाळेतून आलं की दप्तर फेकून वर पळायचं. पोती भिजवायची, पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबून फवारा उडवायचा, स्वतःही भिजायचं. आई खालून ओरडायची, "रेखे, तराई स्लॅबाची कर, स्वतःची नको!" गरम सिमेंटवर पाणी पडलं की उठणारा तो वास मला आजही नाकात येतो. तराई हा शब्द मी उच्चारायला शिकले तो आईच्या ओरडण्यातून. आणि आदल्या संध्याकाळी, माझ्याच गावापासून हाकेच्या अंतरावर, माझ्याच माणसाशी बोलताना माझ्या जिभेवर आलं ते क्युरिंग. मला फार वाईट वाटलं. आपण घरी यायची वाट बघत राहतो, आणि घर आपल्यातून असं एकेका शब्दाने निघून जात असतं.

"नाही सुचला शब्द," मी शेवटी म्हटलं.

"असू द्या," मिस्त्री म्हणाला. "मले बी तुमचा इंग्रजी शब्द समजला असता त झगडाच मिटला असता." आणि हसला. मग मीही हसले. पालथं पडून हसताना नाकात पावडर गेली आणि दोघांनाही शिंका आल्या.

दुपार होता होता माझ्या मुठीतली पावडर निसटली. मी दुसरी मूठ घेतली, तीही निसटली. पलीकडून मिस्त्री ओरडला, "मॅडम, लाडू नाही होऊन राह्यला!" पाणी निम्म्याच्या वरच थांबलं होतं. तरी खात्रीसाठी मी आणखी वीतभर कोरडा थर काढून टाकायला लावला. मिस्त्री म्हणाला, चांगला माल आहे हो. मी म्हटलं, चांगला असला तरी शेजार वाईट होता.

जेवायला बसलो तेव्हा भाऊसाहेबांनी संत्र्यांची टोपली पाठवली, हंगामातली शेवटचीच असावीत. जेवण झाल्यावर मिस्त्री संत्रं सोलत म्हणाला, "मॅडम, आता सांगाच. या पावडरीत असं हाय तरी काय? दिसाले त पांढरी रांगोळी."

मी टोपलीतली संत्री पत्र्यावर रचली. बाजारात रचतात तशी, खाली एक थर, त्याच्या खळग्यांत वरचा थर. "ही संत्री म्हणजे ऑक्सिजनचे अणू समजा. इतकी घट्ट रचली तरी मध्ये फटी राहतातच ना? काही फटी लहान, चार संत्र्यांच्या मधल्या. काही मोठ्या, सहा संत्र्यांच्या मधल्या. लहान फटीत मॅग्नेशियम बसतं, मोठ्या फटीत ॲल्युमिनियम. एका मॅग्नेशियमला दोन ॲल्युमिनियम. जो तो ठरल्या जागी घट्ट बसला की झालं स्पिनेल. म्हणून ते सहज वितळत नाही, मँगनीजला सहज दाद देत नाही."

"साऱ्या फटी भरते?"

"नाही. बऱ्याच रिकाम्या राहतात."

"म्हंजे जागा हाय अजून," मिस्त्री म्हणाला आणि एक फोड तोंडात टाकली.

"गोणीत स्पिनेल नसतं, बरं का," मी सांगितलं. "गोणीत दोन वेगवेगळ्या भुकट्या आहेत, ॲल्युमिना आणि मॅग्नेशिया. स्पिनेल भट्टीत बनतं. आपण तापवतो तेव्हा दोन्हीपैकी एकही वितळत नाही. पण जिथे दोघांचे कण एकमेकांना टेकलेले असतात, तिथून अणू निघतात. मॅग्नेशियम ॲल्युमिनाच्या गावाला जातं, ॲल्युमिनियम मॅग्नेशियाच्या गावाला येतं. ऑक्सिजन बहुतेक आपल्या जागी राहतो. तीन तिकडे गेले की दोन इकडे येतात, म्हणजे विजेचा हिशोब बरोबर जुळतो. आणि मध्ये, दोन गावांच्या शिवेवर, स्पिनेल वाढत जातं."

हे मी शेकडो वेळा ट्रेनिंगमध्ये सांगितलं आहे, हिंदीत, इंग्रजीत. मराठीत पहिल्यांदाच सांगत होते. 'गाव' हा शब्द त्यात पहिल्यांदाच आला. मी तिकडे गेले तेव्हा बदल्यात इकडे कोण आलं, असं मनात आलं. मी संत्रं सोलायला घेतलं.

"बनताना ते जागा जास्त घेतं," मी पुढे सांगितलं. "शंभराला सात-आठ. अस्तरात बारीक चिरा असतात, त्या या फुगण्याने बुजतात. पण हे फक्त आतल्या, पोलादाच्या बाजूला होतं. मागे, कॉइलच्या बाजूला इतकी उष्णता पोचत नाही. तिथली पावडर शेवटपर्यंत कच्चीच राहते."

"कच्ची? मंग ते बेकार गेली न?"

"नाही हो. तीच खरी राखण. आतल्या कडक थराला तडा गेला तरी मागची मोकळी पावडर तो पुढे जाऊ देत नाही. सगळंच भाजून कडक झालं असतं तर एकच तडा आरपार गेला असता."

मिस्त्रीने सालं गोळा केली. मग म्हणाला, "अन् हे इसपिनेल दुसरीकडं कुठी राह्यते?"

"पोलादाच्या कारखान्यांत मोठाल्या लॅडलना आतून लावतात, लॅडल म्हणजे वितळलेलं पोलाद वाहून न्यायची बादली. अगदी शुद्ध बनवलं तर काचेसारखं पारदर्शक होतं, गोळी अडवणाऱ्या खिडक्या करतात त्याच्या. तुमच्या मोबाइलच्या चार्जरमध्ये जो काळा तुकडा असतो, त्याची आतली रचना हीच, फक्त त्यात लोखंड असतं. आणि जमिनीत लाल रंगाचं सापडतं. राजे लोक माणिक समजून मुकुटात घालायचे."

"म्हंजे मॅडम," मिस्त्री उठून हात झटकत म्हणाला, "काल म्या माणकाले तराई मारली! अन् हे लोक मले भैताड म्हनून राह्यले."

दुपारनंतर नव्या गोण्या फोडल्या. थोडी पावडर टाकायची, लांब काट्याने टोचून आतली हवा काढायची, व्हायब्रेटर लावायचा, पुन्हा थर. संध्याकाळी नवी कॅप ओतली. मी मिस्त्रीला समोर उभं केलं.

"मिस्त्री, तराई माराची नाही."

"नाही."

"पोतं टाकाचं नाही."

"नाही. अन् कोनी पाइप घेऊन आलं त त्याचीच तराई करतो मी."

घरी गेले. आप्पांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, होतंय. ते म्हणाले, टेबलाला पॉलिश करून घेऊ का? मी म्हटलं, थांबा थोडं. "हाव, थांबतो न," ते म्हणाले आणि मला वाढायला उठले.

दुसऱ्या दिवशी भट्टी लावली. सावकाश, अगदी सावकाश तापवली. पॅनेलवर लीकेजचा मीटर असतो. अस्तरात ओल असली किंवा पोलाद कॉइलकडे सरकायला लागलं, तर त्याचा काटा चढतो. भाऊसाहेब, मिस्त्री आणि मी तिघंही भट्टीकडे पाहायचं सोडून त्या काट्याकडे पाहत होतो. फॉर्मर लाल झाला, मग पिवळा, मग चार्जमध्ये विरघळून गेला. काटा जागचा हलला नाही. भर दुपारी पहिलं पोलाद ओतलं. जबड्याचे साचे भरले. भाऊसाहेबांनी माझ्यासमोर हात जोडले आणि मग मिस्त्रीच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. मिस्त्री आठवडाभर तो दाखवत फिरत होता, असं ऐकलं.

अस्तर चाललं, आणि चालतच राहिलं. मी परत झारखंडात गेले होते. मिस्त्री अधूनमधून फोन करायचा, "मॅडम, अजून हाये. घासलं बी नाही." किती वेळा पोलाद ओतेपर्यंत अस्तर टिकावं, याचा साहेबांनी जो आकडा ठरवून दिला होता, तो मागे पडला. सिलिका ज्या काळात कितीदा बदलली असती, त्या काळात हे एकच अस्तर उभं होतं. शेवटी उकरलं तेव्हा मिस्त्रीने मला व्हिडिओ पाठवला. आतला थर चिनी मातीसारखा कडक, आणि मागची पावडर गोणीतून काढावी तशी, मुठीतून निसटणारी. पाठीमागे त्याचा आवाज, "पाहा, कच्चीच हाय!" अकाउंट आम्हाला मिळालं, म्हणजे फाउंड्री आमची कायमची गिऱ्हाईक झाली. जवळपासच्या आणखी दोन फाउंड्र्यांनी चौकशी केली.

मग साहेबांचा फोन आला. खूप कौतुक केलं. मी वाट पाहत होते. शेवटी मीच विचारलं, सर, डेपोचं काय?

"अरे रेखाजी," साहेब हसून म्हणाले, "इतना बढ़िया चल रहा है, वहाँ आदमी बिठाने की ज़रूरत ही क्या है? कभी-कभार विज़िट कर लीजिए, बस."

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. हिशोबाने बरोबरच आहे. अस्तर सारखं बिघडत असतं तर जवळ माणूस लागला असता. ते बिघडत नाही. मी क्वार्टरच्या पायरीवर बसले आणि खूप रडले, इतकी की शेजारची बाई पाणी घेऊन आली.

मग आप्पांना फोन लावला. आडवळण न घेता सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"इतकं चांगलं काऊन केलं वं? थोडं कच्चं ठेवाचं न."

मी हसले. तेही हसले. मग फोन कोणी ठेवेना. त्यांच्या घरातल्या पंख्याची कुरकुर मला इकडे ऐकू येत होती.

या प्रकरणातून कंपनीने एक धडा घेतला. महाराष्ट्रात जाणाऱ्या आमच्या प्रत्येक गोणीवर आता मराठीत ठळक छापलेलं असतं, 'तराई करू नये.' साहेबांनी विचारलं होतं, हा कुठला शब्द? मी म्हटलं, आमच्याकडचा. मी घेतलेला धडा गोणीवर छापण्यासारखा नाही. सर्व्हिस इंजिनिअरने काम चोख केलं की तिथलं तिचं काम संपतं. आणि वाईट काम करायचं म्हटलं तरी आता या वयात ते जमणार नाही.

वर्षातून दोनदा व्हिजिटला जाते. मागच्या खोलीत टेबल तसंच आहे, पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. शेजारच्या काकू सांगतात, आप्पा रोज सकाळी त्यावरची धूळ पुसतात. आप्पा स्वतः हे सांगत नाहीत. पण मागच्या खेपेला मी पाहिलं, त्यांनी टेबलाला पॉलिश करून घेतलं होतं.